शेवटच्या बाकावरचा पेला

शालू काळ्या मनुकांचा रस गाळत होती आणि तिचा नवरा उत्तम, चर्चचा पाळक, तो प्रभुभोजनाच्या चिमुकल्या पेल्यांत ओतत होता. ठाकुर्लीतल्या त्या स्वयंपाकघरात दोघांनी एकाच वेळी वळायचं म्हणजे एकाने श्वास रोखायचा. चर्चची वेळ होत आली होती.

"आज उपदेश कशावर?" शालूने विचारलं.

"निर्गम सतरा. मोशेचे हात. लढाई चाललीय, मोशेचे हात वर आहेत तोवर इस्राएल जिंकतंय. पण हात भरून येतात, मग अहरोन आणि हूर दोन्ही बाजूंनी धरून ठेवतात. पुढारी एकटा काही करू शकत नाही, सगळ्यांनी मिळून..."

"छान. लोका सांगे ब्रह्मज्ञान."

उरलेली म्हण तिने पुरी केली नाही. तिची गरजही नव्हती. उत्तमच्या हातून रस पेल्याबाहेर गेला आणि त्याने गुपचूप फडकं घेतलं.

गेल्या प्रभुभोजनाला ट्रे विश्रामदादांच्या हातात होता. दादा चर्चच्या मंडळीतले सगळ्यात जुने वडीलधारे. मंडळी सुरू झाली तीच मुळी त्यांच्या कळव्याच्या घरात, पलंग उभा करून केलेल्या जागेत. उत्तमला चारचौघांत प्रार्थना करायला त्यांनीच शिकवलं. वर्षभर त्यांचा उजवा हात थरथरत होता, ते सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. त्या दिवशी ट्रे कलला. पेले गडगडले, पांढऱ्या टेबलक्लॉथवर आणि उत्तमच्या शर्टावर लाल डाग पसरले. उत्तमने ट्रे काढून घेतला आणि पुटपुटला,

"बसा तुम्ही, दादा. झेपत नाही तर हट्ट कशाला करायचा?"

पुटपुटलाच तो. पण कॉलरला माईक होता आणि माईक चालू होता.

दादा "बरोबर आहे" म्हणाले आणि जाऊन बसले. त्यानंतर ते आलेच नाहीत. उत्तमने फोन केला, तर गुडघा दुखतोय म्हणाले. मग त्याने गुडघ्याचीच चौकशी केली, तेल कुठलं लावता तेही विचारलं. हाताचा विषय काढायची हिंमत झाली नाही. कळव्याला जाऊन येऊ म्हणत राहिला. ठाकुर्लीहून कळवा ते किती लांब! पण मनात चोर असला की जवळचं घरही परमुलखात जातं. रात्री उशीवर डोकं टेकलं की त्याला स्वतःचाच आवाज ऐकू यायचा, तोही स्पीकरमधून आलेला.

आणि आज दादा आले. रविवारपुरत्या घेतलेल्या शाळेच्या हॉलमध्ये, अगदी शेवटच्या बाकावर, चपला काढतात तिथे ते बसले होते. पांढराशुभ्र शर्ट, उजवा हात पँटच्या खिशात.

"सलाम, दादा."

"सलाम. बरं चाललंय ना?"

एवढंच. उत्तमला बरं वाटलं आणि त्याहून जास्त लाज वाटली.

उपदेश सुरळीत चालला होता. मग ती ओळ आली. मोशेचे हात जड झाले, तेव्हा त्यांनी एक धोंडा घेऊन त्याच्याखाली ठेवला. पुढे सहकार्यावरची तीन वाक्यं त्याने पाठ केली होती. त्यातलं एकही तोंडातून येईना.

"अहरोन मोशेला म्हणाला नाही," तो म्हणाला, "की झेपत नाही तर हट्ट कशाला करतोस. त्याच्या हातातली देवाची काठी काढून घेतली नाही. बसायला दगड दिला आणि स्वतः शेजारी उभा राहिला. ते वाक्य मी बोललो. इथेच, याच माईकवर. दादा, माझं चुकलं. मला माफ करा. आज ट्रे तुम्हीच घ्यायचा."

सगळ्या माना मागे वळल्या. शालूची मात्र खाली गेली. दादांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी नकाराची मान हलवली आणि खिशातला हात आणखी आत नेला. आपण या माणसाला पुन्हा एकदा सगळ्यांसमोर उभं केलं, हे उत्तमला कळलं, पण शब्द तर सुटून गेले होते.

तो ट्रे घेऊन स्वतःच फिरला. या मंडळीची पहिल्यापासूनची रीत अशी की पेला मिळाला म्हणून कुणी लगेच प्यायचं नाही. शेवटच्या माणसाच्या हातात येईपर्यंत सगळ्यांनी धरून बसायचं आणि मग एकत्र घ्यायचं. ही रीत घातली होती दादांनीच.

तो शेवटच्या बाकाशी पोचला, तेव्हा दादांनी हात खिशातून बाहेर काढलाच नाही.

"तू जा पुढे."

पुढे नुसती भिंत होती. उत्तमने आधी माईक बंद केला.

"अजून राग आहे?" त्याने हळूच विचारलं.

"राग कसला रे. उजव्या हाताने पेला धरवत नाही, आणि प्रभूचा पेला डाव्याने कसा घ्यायचा? सगळ्यांचं होईस्तोवर हातात ठेवायचा म्हणजे सांडणार." दादा खाली बघत म्हणाले. "म्हणून येत नव्हतो. ट्रेचं काय, ट्रे तर तू नेतोसच की."

इतके दिवस उत्तम स्वतःच्याच वाक्याला कुरवाळत बसला होता. दादांना पिता येतं का, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

त्याने ट्रे बाकावर ठेवला. चपलांमध्ये गुडघे टेकले आणि एक पेला उचलून दादांच्या तोंडाशी नेला. त्याचा स्वतःचा हात कापायला लागला. आवरेना. एक थेंब पांढऱ्या शर्टावर पडला आणि पसरला.

"दादा, शर्ट..."

दादांचा डावा हात आला आणि त्याने उत्तमचं मनगट खालून धरलं.

"राहू दे रे. धुतलं की निघतं."

सगळा हॉल पेले धरून बसला होता. आता 'घ्या' म्हणायचं काम उत्तमचं होतं, पण तो दादांचा पेला धरून होता आणि माईक तर बंदच होता. दादा ओठ पुढे करून प्यायले. पुढच्या बाकांवर, कुणी काही न सांगता, सगळ्यांनी पेले तोंडाला लावले.