तीन सेकंदांचा उशीर

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. माझ्या डाव्या कानाची उशी फाटली आहे, डोक्यावरच्या पट्टीला चिकटपट्टीचे वेढे आहेत आणि माइकची दांडी मान टाकून बसली आहे. सध्या माझा मुक्काम शैलाताईंच्या कपाटात, चपलांच्या रिकाम्या खोक्यात असतो.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते माझ्या वेष्टनावर छापलं होतं, पण वेष्टन पहिल्याच दिवशी कचऱ्यात गेलं. मला आठवतं ते पुण्यातल्या तपकीर गल्लीतलं विजेच्या सामानाचं दुकान. शैलाताईंनी मला तिथे तीनदा कानाला लावून पाहिलं, दुकानदाराला ‘नक्की चालतो ना?’ असं चारदा विचारलं आणि पावतीवर त्याची सही घेऊनच मला पिशवीत टाकलं. साल होतं दोन हजार दोन. कोथरूडच्या एका सोसायटीतल्या स्कूटर ठेवायच्या गाळ्यात त्यांनी चार संगणकांचा नेट कॅफे काढला होता. मी चौथ्या संगणकाचा. मला सायकलच्या साखळीने टेबलाला बांधण्यात आलं आणि भिंतीवर पाटी लागली : ‘हेडफोन घरी नेऊ नये. तिथे तो चालणार नाही.’

म्हणजे चोरीला जाण्याआधीच माझ्यावर पहारा बसला. पुढे कळलं, की पेठेतून उठून कोथरूडला आलेली ही माणसं कशावरच एकदम विश्वास ठेवत नाहीत. घरटी एक मुलगा परदेशी गेलेला. साध्या फोनवर त्याची खुशाली विचारायची तर निम्मं लक्ष घड्याळाकडे. माझ्यामार्फत मात्र रविवारी सकाळी तासभर बोलता यायचं. इतक्या स्वस्तात मुलगा ऐकू येतो, हेच पुष्कळांना खटकायचं. एका आजोबांनी तर टेबलाखाली वाकून आत कोणी बसलं आहे का ते पाहून घेतलं होतं.

पण या साऱ्यांत पहिला नंबर गोपाळकृष्णकाकांचा.

काका एका कारखान्यात एकतीस वर्षं टाइमकीपर होते. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी फाटक बंद करायचं आणि उशिरा येणाऱ्याला कारण विचारायचं, हे त्यांचं काम. त्यातून त्यांचा एक नियम तयार झाला होता. खरं बोलणारा लगेच बोलतो. थाप मारणारा आधी थांबतो. कामगार किती थांबला यावरून ते कारण खरं की खोटं ठरवायचे आणि म्हणे कधी चुकायचे नाहीत. हे ‘म्हणे’ त्यांचंच.

त्यांचा मुलगा अवधूत न्यू जर्सीत संगणकाच्या नोकरीत होता. दर रविवारी साडेसातला काका आणि सरोजिनीकाकू यायचे. काका मला डोक्यावर चढवायचे, खिशातून प्रश्नांचा कागद काढायचे आणि मनगटावरचं घड्याळ सोडून समोर ठेवायचे. काकू शेजारच्या स्टुलावर. त्यांची पाळी शेवटची पाच मिनिटं, आणि तीही मला रुमालाने पुसून झाल्यावर. परक्यांच्या कानांचा त्यांना संशय होता.

तिसऱ्या रविवारी काकांनी मला उतरवून ठेवलं आणि काकूंकडे वळून हळूच म्हणाले, “हा थापा मारतोय.”

“कशावरून?”

“जेवलास का विचारलं. तीन सेकंद थांबला. थंडी आहे का विचारलं. तीन सेकंद. थंडी आहे का याला विचार कशाला करावा लागतो? शेजारी कोणीतरी बसलंय आणि त्याला उत्तरं सांगतंय.”

“तुम्हाला काही विचारलं की तुम्हीसुद्धा आधी चष्मा पुसता,” काकू म्हणाल्या. पण त्यांचाही चेहरा उतरला.

मित्रांनो, मला बोलता येत असतं तर मी तिथेच खुलासा केला असता. संगणकात शिरलेला आवाज बारीक बारीक तुकडे करून पाठवतात आणि पलीकडे ते तुकडे पुन्हा जोडतात. त्या वेळी आमच्या तारा इतक्या मंद होत्या, की या जाण्यायेण्यात तीन सेकंद सहज जायचे. थांबत होतो मी, आणि नाव अवधूतचं खराब होत होतं. पण माझ्यातून दुसऱ्यांचेच आवाज येतात. स्वतःचा मला नाही.

दोन महिने हे चाललं. काकांच्या कागदावर प्रश्नांपुढे उत्तरं कमी आणि सेकंद जास्त दिसू लागले. बाप पोलिसासारखा विचारायचा आणि मुलगा आरोपीसारखा जेवढ्यास तेवढं सांगायचा. शेवटी एकदा काकांनी शैलाताईंनाच धरलं, तुमच्या यंत्रात तिसरं माणूस ऐकतं का म्हणून.

शैलाताईंनी वाद घातला नाही. काकांना माझ्यापाशी बसवून मला त्यांच्या एकाच कानाला लावलं, स्वतः पहिल्या संगणकावर बसल्या आणि नेटवरून माझ्या संगणकाला फोन लावून तिथून म्हणाल्या, “काका, चहा घेणार का?”

काकांनी तो आवाज आधी मोकळ्या कानाने ऐकला. मग तीन सेकंदांनी माझ्यातून पुन्हा ऐकला. पाच पावलांवरच्या बाईचा आवाज उशिरा आला होता, आणि तिच्या शेजारी कोणीही नव्हतं. काकांनी हा प्रयोग सहा वेळा करायला लावला. सहाही वेळा तेच. मग त्यांनी मला टेबलावर अगदी अलगद ठेवलं आणि म्हणाले, “म्हणजे पोरगा लगेचच बोलत होता.” चहा मात्र त्यांनी घेतला नाही. घरी गेल्यावर त्यांनी अवधूतचे सेकंद लिहिलेले सारे कागद फाडले, असं काकूंनी पुढे सांगितलं.

पुढच्या रविवारी काका घड्याळ न घालता आले. प्रश्नांचा कागदही नव्हता. अवधूतशी हसून बोलले, मंडईत तोतापुरी आलाय म्हणून सांगितलं, आणि चक्क वेळेआधी मला काकूंकडे दिलं. काकूंनी मला पुसलं नाही. तसंच डोक्यावर चढवून त्यांनी विचारलं, “अवधूत, ऑफिसात सगळं बरं आहे ना?”

मोजायची सवय आता मला लागली होती. तीन सेकंद झाले. ते माझे. चार झाले. पाच, सहा, सात. हे माझे नव्हते. तार जिवंत होती. पलीकडचा श्वास मला ऐकू येत होता. आयुष्यात पहिल्यांदा मला अवधूतचा संशय आला, आणि नेमकं त्याच दिवशी काकांचं घड्याळ घरी होतं.

काकूंजवळ घड्याळ कधीच नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, “बाबांनी आज घड्याळ आणलेलं नाही. बोल.”

मग अवधूत बोलला. नोकरी जाऊन अडीच महिने झाले होते. कंपनीच बसली होती. तो मित्राच्या खोलीत राहत होता आणि मित्राच्याच संगणकावरून बोलत होता. शेजारी कोणी नव्हतं, हेच तर त्याचं दुखणं होतं. परत यायची त्याला लाज वाटत होती. बाबांना काय सांगू, असं त्याने विचारलं.

काकूंच्या चेहऱ्याकडे पाहून काका उठले. काकूंनी मला डोक्यावरून काढलं, ताणून उलगडलं आणि एक कान स्वतःशी, दुसरा काकांच्या कानाशी धरला. इतकं ताणायला मी बनलेला नव्हतो. माझी पट्टी तडकली. कोणाला ऐकूही गेलं नाही.

काकांनी सारं ऐकून घेतलं. ज्या माणसाने एकतीस वर्षं कोणाला अकरावं मिनिट दिलं नाही, तो माणूस माइकशी तोंड नेऊन म्हणाला, “ये तू. उशीर झाला तरी चालेल. फाटक उघडंच आहे.”

तीन सेकंद झाले. मग पलीकडे रडू फुटलं. म्हणजे ते लगेचच फुटलं होतं.

अवधूत पुढच्या महिन्यात आला आणि पुण्यातच नोकरीला लागला. काका-काकूंना माझी गरज उरली नाही. शैलाताईंनी पट्टीला चिकटपट्टी गुंडाळून मला आणखी दोन वर्षं राबवलं. मग मोबाइल आले, कॅफे मिटला, साखळी सुटली, आणि मी या खोक्यात आलो. बोलताना आता कोणाला थांबावं लागत नाही म्हणतात. असेलही, माझा पटकन विश्वास बसत नाही.

म्हणून जाता जाता एक विनंती, मित्रांनो. हेडफोन वायरला धरून ओढू नका, फार ताणू नका, आम्ही तुटतो. आणि पलीकडचं माणूस उत्तर द्यायला थांबलं, तर फोन ठेवू नका, सेकंदही मोजत बसू नका. घड्याळ बाजूला ठेवा आणि ‘बोल’ म्हणा.