नंबर लागलेला बाक

थांबा, लगेच पुढच्या दालनाकडे पळू नका. बोलतोय तो भिंतीवरचा कुणी नाही; मी, दालनाच्या मधोमध ठेवलेला बाक.

हे संग्रहालय पूर्वी सूतगिरणी होतं. गिरणी बंद पडली, छप्पर गळू लागलं, तेव्हा शहरातल्या काही चित्रकारांनी हट्टानं ही जागा मागून घेतली. "राजांच्या तसबिरींना महाल आहेत, आजच्या माणसाच्या चित्रांना एक छप्पर नको?" असं ते ज्याला त्याला विचारत. उतरवलेल्या तुळईतून त्यांनी मला घडवलं. चित्रं हातगाडीवरून आली. पत्र्याच्या डब्यांचा घोडा आला, सुताचा धबधबा आला. लोक म्हणायचे, "हे तर आमचं शेंडेफळही करील!" आणि मग माझ्यावर बसून तासभर बघत राहायचे.

माझ्यासमोर एक मोठं करडं चित्र आहे. उभ्यानं पाहिलं तर नुसतंच करडं. बसून डोळे स्थिरावू दिले, की त्यात हळूहळू एक खिडकी उजळते. ते काढणारा आता नाही. त्याची धाकटी बहीण दर आठवड्याला येते. आजीच म्हणतात त्यांना सगळे. गुडघ्यांनी दगा दिलाय, पण खिडकी उजळली की त्या पुटपुटतात, "दिसलास रे दादा."

मध्यंतरी फरशी बदलायला सगळं हलवलं. त्या गडबडीत कुणीतरी माझ्या पायालाही नंबर चिकटवला. झालं! इथं नंबर लागला की ती कलाकृती. काल माझ्यावर बसून चहा पिणारे हमाल आज पांढरे हातमोजे घालून मला उचलू लागले. "हळू रे, साहेबांना धक्का लागेल!" भोवती दोरी आली.

"आजी, यावर बसायचं नाही आता. कला आहे ती," पहारेकरी म्हणाला.

"अगंबाई! कधीपासून?"

"मंगळवारपासून. माझं स्टूल दिलं असतं, पण त्यालाही नंबर लागलाय."

आजी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. खिडकी उजळली नाही. पुढच्या आठवड्यात त्या आल्याच नाहीत.

पहारेकऱ्यानं हे नव्या संग्रहपाल बाईंच्या कानावर घातलं. त्या दूरदेशी शिकून नुकत्याच परतलेल्या.

"मग काढा ना नंबर!"

"समितीशिवाय निघत नाही, मॅडम."

"समिती कधी बसणार?"

"बसायला बाक तर हवा!"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी दोरी सोडली आणि माझ्याशेजारी पाटी लावली: 'बाक. साहित्य: गिरणीची तुळई आणि बसलेलं माणूस. माणूस नसेल तर कलाकृती अपुरी.' मग स्वतः जाऊन आजींना घेऊन आल्या.

आजींनी पाटी वाचली. "म्हणजे मीही कला?"

"हो, आजी."

"मग हातमोजे घालून बसव मला!"

बाईंनी खरंच हातमोजे घातले. आजी टेकल्या, माझ्या फळ्या ओळखीनं करकरल्या. त्या करड्या चित्राकडे बघत राहिल्या. मग ते तीन शब्द आले, नेहमीसारखेच हळू.

आजींच्या शेजारी अजून जागा आहे. घाईत असाल, तरी टेका क्षणभर. तुमच्यावाचून मी अपुरा आहे. आता तसं लिहूनच ठेवलंय.