दोनशे लालबुंद चेहरे

डोळ्यांच्या डॉक्टरांची पाचची वेळ दादाने परस्पर घेऊन टाकली होती, आणि तीही ताईसाठी. एका कागदावर तिचं नाव, वेळ, दवाखान्याचा मजला असं सगळं लिहून त्याने तो तिच्या टेबलावर ठेवला आणि मुकाट्याने काउंटरवर जाऊन बसला. तोंडावर बोलायची हिंमत नव्हती, दुसरं काय!

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वडिलांनी हा स्टुडिओ दोघा भावंडांच्या हवाली केला तेव्हाच ठरलं होतं, फोटो काढणं आणि गिऱ्हाइकं दादाकडे, रंग ताईकडे. बावीस वर्षं ती आतल्या खोलीत डोळ्यांत तेल घालून चेहऱ्यांचे रंग दुरुस्त करत होती. आणि आज सकाळी शाळेच्या मुख्याध्यापिका दोनशे फोटोंचा गठ्ठा घेऊन आल्या.

"सगळ्या शाळेला एकदम ताप आलाय का हो?" त्या म्हणाल्या. प्रत्येक पोराचा चेहरा लालबुंद होता.

दादाने क्षणाचाही विचार केला नाही. "काय सांगू मॅडम, ताईची नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही. सोमवारपासून रंगाचं काम बाहेरच देतोय."

पडद्याआड ताईने शब्दन् शब्द ऐकला. दोनशे लाल चेहऱ्यांचं खापर एका वाक्यात तिच्या डोळ्यांवर फोडून हा मोकळा! पण तिच्या मॉनिटरवर तीच पोरं छान गव्हाळ दिसत होती, मग छापून लाल होतात कशी? छडा लावल्याशिवाय ती आज उठणार नव्हती.

तिच्या कॉम्प्युटरवर फोटोच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती होती. छपाई व्हायची काउंटरच्या कॉम्प्युटरवरून, आणि तिथे दादाने गेल्याच आठवड्यात नवी आवृत्ती घातली होती. तिथल्या मॉनिटरवरही पोरं लालच दिसत होती. दुपारी गिऱ्हाईक नसताना ताईने दोन्ही मॉनिटर उचलून त्यांची अदलाबदल केली.

"अगं, हे काय चाललंय?"

"माझी नजर तपासतेय."

लाली काउंटरवरच राहिली. म्हणजे मॉनिटरचा दोष नाही. मग तिने दोन्हीकडे एकच फोटो उघडला, पहिल्या रांगेतल्या दात पडलेल्या मुलीच्या गालावर तीच जागा धरली आणि रंगाचे आकडे वाचले. लाल दोनशे दहा, हिरवा एकशे सहासष्ट, निळा एकशे चाळीस. दोन्हीकडे तेच! फाइलमध्ये काडीचा फरक नव्हता. तेच आकडे नवी आवृत्ती वेगळ्या मापाने वाचत होती.

आता उलगडायला लागलं. कुठल्या मापाने वाचायचं ते फाइलला जोडलेलं रंगाचं प्रोफाइल सांगतं. या दुकानात ते जोडायची पद्धतच नव्हती. छपाईचं जुनं मशीन प्रोफाइल असलेली फाइल दिसली की अडून बसायचं, म्हणून फार पूर्वी दादानेच ते काढून टाकायला लावलं होतं. मशीन कधीच भंगारात गेलं, सवय मात्र राहिली. ताईने स्वतःच्या कपाळावर हात मारला, कारण ही सवय इतकी वर्षं तिनेही मोडली नव्हती.

पण प्रोफाइल नसेल तर नवी आवृत्ती आधी विचारते, हे तिला मदतीच्या पानावर सापडलं. मग हिने कुणाला का विचारलं नाही? तिने काउंटरच्या कॉम्प्युटरवरच्या सेटिंग मूळ जागी आणल्या आणि फाइल पुन्हा उघडली. प्रश्नाची चौकट वर आली. कुठलं माप वापरू? खाली तीन पर्याय, आणि त्याखाली बारीक अक्षरांत, "पुन्हा विचारू नका."

"दादा, ही चौकट तुला आली होती?"

"आली असेल. मधलं दाबलं आणि खाली खूण केली. सारखी कटकट कशाला?"

"मधलं म्हणजे भडक रंगांचं. वाचलं होतंस?"

दादा कानामागे खाजवायला लागला. "चष्मा घरी राहिला होता गं त्या दिवशी."

ताईला हसावं की ओरडावं कळेना. ती ओरडली. "स्वतःला दिसत नव्हतं, आणि गावभर माझ्या डोळ्यांचा डांगोरा पिटलास? मला एकदा तरी विचारायचंस! लाव फोन मॅडमना."

"सांगतो ना, सॉफ्टवेअरचा घोळ होता म्हणून..."

"सॉफ्टवेअरनं विचारलं होतं. उत्तर तू दिलंस. तेच सांगायचं. आणि रंगाचं काम कुठेही जाणार नाही, हेही."

दादाने मान खाली घालून डायरी उघडली. पान नाकाजवळ आणलं, मग हात लांब करून धरलं, मग खिसे चाचपले. चष्मा आजही घरीच होता.

"ताई, नंबर जरा वाचून देतेस?"

ताईने काउंटरच्या पलीकडूनच, डायरी हातातही न घेता, दहाच्या दहा आकडे खणखणीत आवाजात वाचून दिले. फोनवर तो "चूक माझीच" म्हणाला, तेव्हा "मोठ्यानं" असं तिने बजावलं. मग डॉक्टरांचा कागद त्याच्यापुढे सरकवला.

"पाचला तू जा," ती म्हणाली. "नाव तेवढं बदलून घे."