हो म्हणजे ऐकलं

पोलीस चौकीतल्या बाकावर बडबडी बसली होती. दिवसभर तोंड उघडत नाही, म्हणून वस्तीने थट्टेने ठेवलेलं हे नाव. आमच्या आदिवासी वस्तीतली तरुण मुलं संध्याकाळी माझ्या शिवणाच्या दुकानामागच्या खोलीत जमतात. कोणी अभ्यास करतं, कोणी शिवण शिकतं. बडबडी त्यातलीच. आणि आज मोबाइलच्या दुकानाचं शटर फोडलं म्हणून तिलाच उचललं होतं. ते फुटलं तेव्हा ती माझ्यासमोर शर्टाला बटणांची काजं करत होती.

हे मी साहेबांना सांगितलं.

"तुमच्या वस्तीत सगळे एकमेकांना सांभाळून घेतात, बाई. तिने स्वतः कबूल केलंय."

"काय विचारलंत तिला?"

"तू फोडलंस का? हो म्हणाली."

आमच्यात मोठ्या माणसाने काही विचारलं की आधी मान खाली घालून हो म्हणायचं. हो म्हणजे ऐकलं. खरं उत्तर मागून येतं, समोरचा थांबला तर. या साहेबांना कुठला धीर.

समजावून पाहिलं. त्यांनी माशी उडवावी तसा हात हलवला. दारात वस्तीतली माणसं उभी होती, बडबडीची आई माझा दंड धरून. मागे एक मुलगा असाच आत गेला होता. परत आला तो बोलणंच विसरून.

"साहेब, ही तिची आई. मला एकच प्रश्न विचारू द्या." मी बाकाकडे वळले. "बडबडे, तुझ्या आईचा खून तूच केलास ना?"

"हो," ती खाली बघत म्हणाली.

आईची बोटं माझ्या दंडात रुतली. साहेबांनी त्या जित्याजागत्या बाईकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"पोरी, शटर तू फोडलंस का? नसशील फोडलं तर नाही म्हण."

मोठ्यांना तोंडावर नाही तिने जन्मात म्हटलं नव्हतं. संपलं, असंच मला वाटलं.

"नाही," ती पुटपुटली.

"मोठ्याने."

"नाही."

साहेबांनी दाराकडे बोट दाखवलं. बाहेर आलो तरी ती थरथरत होती. सुटकेने असेल, म्हणून मी तिला जवळ घेतलं.

"ताई," ती म्हणाली, "मी त्यांना उलट बोलले. परत जाऊन हो म्हणून येऊ का?"