वरच्या मजल्यावरचे लाडू

धप्प!

वरच्या मजल्यावर अवनीने पलंगावरून उडी मारली आणि लखनऊच्या इंदिरा नगरातल्या खालच्या फ्लॅटमधली दुपारची शांतता मोडली. हिमानीने छताकडे पाहिलं, मग शेजारी झोपलेल्या सुश्रुतकडे. त्याच्या मानेवरचा घाम तिने ओढणीने हलकेच टिपला. दोन्ही पोरं चार वर्षांची, एकाच महिन्यात झालेली. पण त्या पोरीच्या उड्यांनी इथला पंखा हलतो, आणि आपलं लेकरू जिना चढताना मध्येच पायरीवर बसकण मारतं.

अंगात रक्त कमी आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. दिवस गेले तेव्हा काय खात होतात, हेही त्यांनी विचारलं होतं. "आईचं खाणं हे एक कारण असू शकतं. तेवढंच नव्हे. मागचं उकरत बसू नका, आता त्याला नीट खाऊ घाला." हिमानीच्या कानात मात्र पहिलं वाक्य तेवढं राहिलं.

काय खात होती ती? तुपाचा नुसता वास आला तरी पोटात ढवळायचं. शेवटपर्यंत चहा आणि कोपऱ्यावरच्या टपरीतला कोरडा बन, बस्स. लोहाच्या गोळ्या गॅलरीतल्या कुंडीत खुपसल्या. सासूबाईंनी सांगलीहून कौतुकाने डिंकाच्या लाडवांचा डबा धाडला, तो तसाच वरच्या कांचनला, अवनीच्या आईला, देऊन टाकला. कांचनलाही तेव्हा दिवस गेलेले; नवऱ्याची रेल्वेत बदली झाली म्हणून नुकतीच लखनऊला आलेली. "संपलेसुद्धा, आई!" हिमानीने फोनवर सांगितलं होतं. तसं खोटं नव्हतं ते. संपले होतेच, फक्त वरच्या मजल्यावर.

तेव्हापासून अवनीचे गुबगुबीत गाल दिसले की तिला वाटायचं, हे माझ्या डब्यातले आहेत. माझ्या पोराचे आहेत.

बेल वाजली. सुश्रुत डोळे चोळत उठला. दारात कांचन होती, एका हाताला धरलेली अवनी आणि दुसऱ्या हातात स्टीलचा डबा.

"झोपमोड झाली ना गं? या बाईसाहेबांना किती सांगायचं, बेटा, नीचे लोग सोते हैं!" बोलता बोलता ती आत आलीच. "हे घे. सुश्रुतसाठी डिंकाचे लाडू. अमीनाबादच्या बाजारात जाऊन डिंक आणला, खारीक आणली. आणि कृती कोणाची, ओळख बघू?"

"कोणाची?"

"तुझ्या सासूबाईंची! सरळ फोनच लावला."

हिमानीचा हात दाराच्या कडीवरच राहिला.

"अगं, अशी पांढरी काय पडतेस?" कांचनने आवाज उतरवला. "त्या म्हणाल्या, आमच्या हिमानीने अख्खा डबा फस्त केला होता. मी म्हटलं, हो तर! मला एक तरी देईल तर शपथ, हावरट कुठली!"

ती खळखळून हसली. हिमानीलाही हसावं लागलं. या बाईने भांडायलासुद्धा जागा ठेवली नव्हती. लाडू हिने करायचे, लाज हिने राखायची, पोरगीही अशी दणदणीत हिचीच. एकीच्याच ओंजळीत सगळं कसं मावतं?

मुलं डब्याभोवती जमली होती. अवनीने अर्धा लाडू तोंडात कोंबला.

"मैं तो मम्मी के पेट में भी यही खाती थी," ती भरल्या तोंडाने म्हणाली. "इसीलिए स्ट्राँग हूँ. देख!" आणि तिने दंड फुगवला.

सुश्रुतने तो बोटाने दाबून पाहिला. मग स्वतःचा दाबला. हातातल्या लाडवाकडे बघत तो हिमानीजवळ आला. चेहऱ्यावर रुसवा नव्हता, तक्रार नव्हती. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं.

"आई, तो फिर मी कांचन मावशीच्या पोटात का नव्हतो?"