पंखा बंद करून गायलेली गाणी

"पप्पा, आईचा आवाज तुमच्याकडे नसेल तर कोणाकडे असणार?" शिवानीने मोबाइल बापापुढे धरला. "बारा वर्षं रेकॉर्डिंग चाललंय या घरात."

नंदाचं वर्षश्राद्ध परवावर आलं होतं. शिवानी नौपाड्याहून आंबिवलीला दोन दिवस आधीच आली होती. तिच्याकडे आईचे फोटो भरपूर होते, आवाज एकही नव्हता. नंदा नुसता मिस्ड कॉल द्यायची.

"सापडेल गं," विश्राम म्हणाला. "तीनशे गाणी आहेत. कुठेतरी असेलच ती."

कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्याला हा नाद लागला होता. मोबाइलवर गाजलेल्या गाण्याचं नुसतं संगीत लावायचं आणि त्यावर आपण गायचं. खिडकीला गोधडी टांगायची, गॅसवरचा कुकर उतरवायचा, पंखा बंद. नंदा दाराशी स्टुलावर बसायची, कोणी बेल वाजवू नये म्हणून.

सुरुवातीला एकदा वरच्या पट्टीत त्याचा आवाज फाटला आणि ती खळखळून हसली. "अहो, झेपत नाही तर खालून गा की!"

"घालवलंस ना माझं गाणं!" तो ओरडला होता, आणि तिच्यादेखत त्याने ते पुसून टाकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती बांगड्या कोपराकडे सारून त्यांवर रुमाल गुंडाळून बसू लागली. पुढे पुढे खोकला आला की उठून जिन्यात जायची. शेजारच्या नीरजाने एकदा विचारलं, "काका, काकी एवढ्या का खोकतात हो?" तेव्हा त्याला कळलं. तोवर फार उशीर झाला होता.

बापलेक दोघं एकेक गाणं ऐकू लागली. एका युगुलगीतात बाईचा गोड आवाज आला. शिवानी दचकली.

"ही कोण?"

"ॲपवरची. नागपूरकडची असावी. तिचं अर्धं ती गाते, माझं मी."

"आणि ही?"

"तीही तसलीच."

शिवानीचा चेहरा उतरला. मग एकदम तिला आठवलं. "पप्पा, गाणं संपलं की आई विचारायची ना, 'झालं? लावू पंखा?' ते शेवटी असेल की!"

विश्राम मान खाली घालून बसला.

"ते कापायचो मी."

"प्रत्येक वेळी?"

"ॲपवर लोक ऐकतात गं. बरं दिसत नाही."

शिवानी उठली. चहा टाकते म्हणून आत गेली, पण आत भांड्याचा आवाज झाला नाही.

विश्रामने पंखा बंद केला. कानात वायर घातल्या आणि शेवटचं गाणं पुन्हा लावलं. आवाज पार वर नेला. कडव्यांमधल्या मोकळ्या जागांत बांगडी, पदर, निदान एखादा श्वास तरी ऐकू येईल म्हणून तो कान देऊन बसला. त्याचा स्वतःचा श्वास तेवढा होता. बाकी सगळं स्वच्छ. नंदाने काम चोख केलं होतं.

गाणं संपलं. गळ्यावरून घाम ओघळत होता. पंख्याचं बटण हाताच्या अंतरावर होतं. तो मात्र दाराजवळच्या स्टुलाकडे बघत तसाच बसून राहिला.