झांजा कुणी कापल्या

रविंद्र वाबळे सुप्याला जाऊन पार्सल घेऊन आला. कुरियरवाला त्याच्या गावापर्यंत, कऱ्हाटीपर्यंत येत नसे. घरी आल्यावर त्यानं हात धुतले, टॉवेलनं कोरडे केले आणि मगच खोका उघडला. आत 'सेबल फर्नेस' या इंग्लंडच्या जुन्या हेवी मेटल बँडचा दुसरा अल्बम होता, 'द सेव्हन्थ चिमनी'. चाळीस वर्षं झाली म्हणून कंपनीनं तो मूळ टेपवरून नव्यानं काढला होता. दोन सीड्या आणि फोटोंची एक जाड पुस्तिका.

रविंद्र त्रेपन्न वर्षांचा होता. तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात टर्बाइनवर ऑपरेटर म्हणून त्याची अठ्ठावीस वर्षं गेली होती. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगी निकिता लग्न होऊन हैदराबादला. गाळप संपलेलं होतं, कारखान्यात नुसती दुरुस्तीची कामं चालू होती, त्यामुळं दुपार मोकळी होती. हा अल्बम त्यानं पहिल्यांदा ऐकला तो बारामतीला आयटीआयत शिकताना, खोलीतल्या पोराच्या कॅसेटवर. पुढं ती कॅसेट त्यानं मागूनच घेतली आणि टेप ताणून तुटेपर्यंत वाजवली. ती तुटल्याला बारा-तेरा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून त्यानं तो धड ऐकलाच नव्हता.

सीडी सुरू झाली. गिटार आली, जात्यासारखा घरघरणारा बास आला, गायकाचा तो रागीट आवाज आला. पण काहीतरी नव्हतं. रविंद्रनं आवाज वाढवला. ड्रमचे ठोके ऐकू येत होते, वरच्या झांजा मात्र नव्हत्या. सिंबलला तो पहिल्यापासून झांजाच म्हणायचा. शेवटच्या गाण्यात सगळी वाद्यं थांबल्यावर एक बारीक घंटा चार वेळा वाजते. ती वाजण्याची त्यानं वाट बघितली. गाणं संपलं, सीडी थांबली.

त्यानं आवाज आणखी वाढवून पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा शेजारची धोंडाबाई दारात येऊन उभी राहिली. ती काय म्हणाली ते त्याला कळेना म्हणून त्यानं गाणं बंद केलं.

"आरं, म्हशीनं धार दिली न्हाय तुझ्या गोंधळानं!" ती ओरडत होती. "किती येळ हाका मारतीया!"

संध्याकाळी त्यानं 'भट्टी'वर लिहायला घेतलं. 'भट्टी' हा सेबल फर्नेसच्या मराठी चाहत्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप. एकसष्ट माणसं, कोण कोल्हापूरचं, कोण नाशिकचं, बरीचशी पुण्याची. कुठली आवृत्ती चांगली, कुठल्या दौऱ्यात कुणी ड्रम वाजवले, कुठल्या कव्हरचा लाल रंग खरा, यावर तिथं रोज वाद चालायचे. रविंद्रचं कुणाशीच पटायचं नाही आणि सगळ्यांना तो हवा असायचा. कारखान्यात जो माणूस दिवसभरात दहा वाक्यं बोलत नसे, तो इथं पानभर लिहायचा.

त्यानं लिहिलं, "चाळीस वर्षांनी टेप बाहेर काढली आणि धुऊन खराब केली. झांजा कुणी कापल्या? शेवटची घंटा कुठं गेली? ज्याला ही आवृत्ती आवडली त्यानं मूळ अल्बम ऐकलेलाच नाही."

दोन दिवस रण माजलं. मग पुण्यात रेकॉर्डिंग स्टुडिओत काम करणाऱ्या सिद्धूनं एक चित्र टाकलं. गाण्यातल्या उंच आणि खालच्या आवाजांचा आलेख होता तो. "सर, झांजा इथं वर स्पष्ट दिसतायत. घंटाही आहे, चार टोल. उलट आधीपेक्षा स्वच्छ आहे."

"आलेख बघायचा का गाणं ऐकायचं?" रविंद्रनं लिहिलं.

त्याच्याखाली कुणीतरी लिहिलं, "काका, कान तपासा." सोबत तीन हसरे चेहरे. त्याला वीसेक जणांनी आणखी हसून दाद दिली. रविंद्रनं ती नावं एकेक करून वाचली आणि ग्रुप सोडला.

पुढचे दिवस फार लांबले. सकाळी उठल्याबरोबर हात फोनकडं जायचा आणि तिथं काहीच नसायचं. निकिताचा फोन आला. ती भराभर बोलत होती, मागं तिचं मूल रडत होतं. रविंद्र "व्हय, व्हय" म्हणत राहिला. "बाबा, मी काय विचारलं?" असं तिनं म्हटल्यावरही तो "व्हय" म्हणाला. "राहू दे," ती म्हणाली आणि फोन ठेवला. अलीकडं तिचे फोन लवकर संपायचे.

सातव्या दिवशी मेसेज आला. 'ज्यो. मखरे, इंदापूर' हे नाव त्याला ग्रुपवरून माहीत होतं. कमी लिहिणारा, पण नेमकं लिहिणारा माणूस. "मलाही वाटतं काहीतरी बदललंय. माझ्याकडं मूळ कॅसेट आहे, चांगल्या स्थितीत. रविवारी या. दोन्ही लागोपाठ ऐकून बघू."

रविंद्रनं तो मेसेज चार वेळा वाचला. रविवारी इस्त्रीचा शर्ट घातला, मोटारसायकल बारामतीच्या स्टँडवर लावली आणि इंदापूरची एसटी धरली. खोका पिशवीत घालून मांडीवर ठेवला. वाटेत जंक्शन नावाचं गाव गेलं, निमगाव केतकी गेलं. सिद्धूला काय उत्तर द्यायचं, ते तो मनात जुळवत होता.

इंदापूरच्या स्टँडवर चाळिशी ओलांडलेली एक बाई पुढं आली. चष्मा, सुती साडी, खांद्याला पर्स.

"वाबळे सर ना? मी ज्योत्स्ना मखरे."

रविंद्र गडबडला. "म्हंजे ज्यो..."

"ज्यो म्हणजे ज्योत्स्नाच." ती हसली. "बाईचं नाव दिसलं की गाण्यावर बोलायचं सोडून भलतंच विचारतात. म्हणून अर्धंच ठेवलंय. शाळेत शिकवते मी, विज्ञान."

घर जवळच होतं. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो, पुस्तकांचं कपाट आणि खालच्या कप्प्यात ओळीनं कॅसेटी. तिची आई भागुबाई जमिनीवर बसून मेथी निवडत होती. तिनं रविंद्रला पाणी दिलं.

"कॅसेटी माझ्या भावाच्या," ज्योत्स्ना सांगत होती. समोर बसून, त्याच्याकडं बघून, सावकाश बोलत होती. "लखन पिंपरीला कंपनीत होता तेव्हा घ्यायचा. मला त्यानंच लावली सवय. लग्न झालं आणि सगळ्या मला देऊन टाकल्या. आता माझं वय राहिलं नाही म्हणतो. शाळेत, गल्लीत कुणाला सांगणार, मला हे आवडतं म्हणून? ग्रुपवर येते, तुमचं लिहिलेलं वाचते, तेवढंच."

तिनं कॅसेट लावली. शेवटचं गाणं. रविंद्र पुढं झुकून बसला. गिटार, बास, ठोके. डोळे मिटून तो झांजांची वाट बघत राहिला. कॅसेट जुनी आहे, डेकचं हेड घासलं असेल, असं काहीतरी त्याच्या मनात येत होतं. वाद्यं थांबली. खोली शांत झाली.

तेवढ्यात भागुबाई मेथीची देठं पदरातून झटकत उठली. "वाजली बाई एकदाची घंटी," ती मोठ्यानं म्हणाली. "ती वाजली की मला कळतं, हिचा धिंगाणा सरला. च्या ठेवू का आता?"

रविंद्रनं डोळे उघडले. म्हातारी स्वयंपाकघरात गेली. ज्योत्स्ना त्याच्याकडं बघत होती आणि तो बघतोय म्हटल्यावर तिनं नजर खाली केली.

"परत लावा," तो म्हणाला.

तिनं परत लावलं. या वेळी त्यानं डोळे उघडे ठेवले. घंटा वाजली असेल त्या क्षणी ज्योत्स्नाचं बोट गुडघ्यावर हललं. एक, दोन, तीन, चार. त्याला काहीच ऐकू आलं नाही. पिशवीतली सीडी त्यानं बाहेर काढलीच नाही.

"मॅडम, तुमाला नव्या सीडीत झांजा ऐकू येत्यात?"

तिनं कॅसेट बंद केली. मग म्हणाली, "येतात."

"मग मेसेज?"

"खोटा होता. तसं लिहिलं नसतं तर तुम्ही आला नसता." तिचा आवाज खाली गेला तसा तिनं तो मुद्दाम वर उचलला. "माझे वडील, अप्पा, पिठाच्या गिरणीत होते. शेवटी शेवटी रेडिओ बिघडलाय म्हणायचे. तीन रेडिओ बदलले आम्ही. तुमची पोस्ट वाचली आणि मला तेच आठवलं. लोक हसले ते मला बघवलं नाही."

"म्हंजे तुमीबी तेच सांगाय बोलावलं. कान तपासा म्हणून."

"हो. पण हसून नाही."

चहा आला. रविंद्रनं तो कसाबसा संपवला, भागुबाईला नमस्कार केला आणि स्टँडचा रस्ता धरला. ज्योत्स्ना मागं आली नाही. त्याला राग आला होता, पण तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. गाडीत शेजारचा माणूस काहीतरी विचारत होता. रविंद्रनं खिडकीकडं तोंड फिरवलं. कारखान्यातली पोरं जेवायच्या सुट्टीत हसायची, ती कशाला हसतात हे त्यानं कधीपासून विचारायचं सोडलं होतं? किती वर्षं झाली असतील? त्याला वाटायचं, आपल्याला माणसांत बसायला आवडत नाही.

आठवडाभर त्यानं काही केलं नाही. मग एका सोमवारी बारामतीला कानाच्या डॉक्टरांकडं गेला. काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावला. आवाज आला की बटण दाबायचं. बराच वेळ बटण दाबायची वेळच आली नाही, तेव्हा त्याला वाटलं, मशीन बंद पडलंय.

डॉक्टरांनी कागद पुढं केला. रेघ डावीकडून सपाट आली होती आणि मग एकदम खाली उतरली होती.

"बारीक, उंच आवाज गेलेत. टर्बाइनपाशी कानात काही घालत होता?"

"बोळं दिल्याली. ड्रॉवरमदी हायती." तो म्हणाला, "मशीनचा आवाज बदलला की आमाला कळाया लागतो. कान झाकून कसं चालंल?"

"गेलेलं परत येणार नाही. कानातल्या यंत्रानं बोलणं मात्र नीट कळेल."

यंत्रं आली. पहिल्या दिवशी त्याला चपलेचा आवाज ऐकू आला, पिशवीची चुरचूर ऐकू आली, नळ ठिबकत असल्याचं कळलं. निकिताला त्यानं स्वतःहून फोन केला आणि ती वीस मिनिटं बोलली. "बाबा, मला वाटायचं तुम्हाला आमच्यात रसच नाही," असं म्हणून ती रडली आणि ते रडणंही त्याला स्पष्ट ऐकू आलं. गाणं मात्र यंत्रातून पत्र्यावर खडे पडल्यासारखं येत होतं. यंत्र काढलं की झांजा जायच्या, घातलं की गाणंच जायचं. दोनतीनदा करून बघून त्यानं सीडी बंद केली.

त्यानं सिद्धूकडून 'भट्टी'त पुन्हा प्रवेश मागून घेतला आणि तपासणीचा कागदच ग्रुपवर टाकला. "हा माझा आलेख. सिद्धू बरोबर होता. झांजा सीडीत आहेत, माझ्या कानात नाहीत. जे कारखान्यात आहेत त्यांनी कानात बोळे वापरावेत."

मग सिद्धूनं लिहिलं, "सर, सॉरी." पाठोपाठ बऱ्याच जणांनी हात जोडले. त्यानंतर सगळे त्याच्याशी फार आदरानं वागू लागले. तो काही म्हणाला तरी कुणी वाद घालेना. रविंद्रला ते हसण्यापेक्षा जड गेलं. आवाजाबद्दल बोलायचा आपला हक्क संपला, हे त्याला त्यांच्या सभ्यपणातून कळत होतं.

ज्योत्स्नाला त्यानं महिनाभरानं फोन केला.

"मॅडम, त्या दिवशी नीट बोललो न्हाय मी."

"मीही खोटं बोलले होते."

"एक विचारायचं हुतं. दुसऱ्या सीडीवर एक गाणं हाय बगा, तवा काढलं नव्हतं, आता पयल्यांदाच आलंय. जुनी गाणी मला आठवणीतनं तरी ऐकू येत्यात. हे कवाच ऐकलं न्हाय. त्यात झांजा कुठं हायत, कशा हायत, त्येवढं सांगाल का?"

"फोनवर नको," ती म्हणाली. "लिहून पाठवते."

पाकीट सुप्याच्या पोस्टातून आलं. वहीची अडीच पानं, शाळेतल्या बाईंच्या सुबक अक्षरात. डावीकडं मिनिट आणि सेकंद, उजवीकडं वर्णन. "इथं पातळ झांज, लांब रेंगाळते, गायकाचा श्वास संपेपर्यंत." "इथं दोन एकदम, चिडल्यासारख्या." "इथं वाजेल असं वाटतं, पण वाजत नाही. मला ही जागा सगळ्यात आवडली."

रविंद्रनं यंत्रं काढून टेबलावर ठेवली, चष्मा लावला आणि गाणं सुरू केलं. सीडी प्लेअरच्या आकड्यांवर एक नजर, कागदावर एक नजर. तिसऱ्या ओळीपाशी त्याची जागा चुकली. त्यानं गाणं मागं नेलं आणि बोट कागदावर धरून पहिल्यापासून लावलं.